अंधाऱ्या खोलीतील उजेड : छायाचित्रणाचा इतिहास आणि आपला खानदेश

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एक पत्र्याची पेटी असते. तीत घराचे कागद, जुनी शिधापत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले, निकाहनामा आणि या सर्वांच्या तळाशी चार-दोन पिवळी पडलेली छायाचित्रे असतात. अशी एक पेटी आमच्याही घरी आहे. तिच्यातील एका छायाचित्रात मागाच्या कारखान्यासमोर उभी असलेली अकरा माणसे दिसतात. डावीकडून तिसरे माझे आजोबा. माझे वडील हयात असताना हे चित्र हातात घेऊन एकेकाचे नाव सांगत. हा अमुक, याचा माग आपल्या मागाच्या शेजारी होता. हा तमुक, याचा आवाज पहाडी होता. मी ऐकत असे आणि मनात म्हणत असे, दिवाळीच्या सुटीत बसून सर्व नावे लिहून घेऊ. अशा अनेक सुट्या आल्या आणि गेल्या. वडील दोन वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारे झाले. आज त्या अकरा चेहऱ्यांपैकी मला फक्त चौघांची नावे सांगता येतात.

मी व्यवसायाने शिक्षक आहे आणि इतिहास शिकवितो. मुलांना पानिपतची सनावळी पाठ करावयास लावतो. परंतु माझ्याच घरातील सात माणसे माझ्या डोळ्यांदेखत निनावी झाली. ही खंत मनात घेऊनच छायाचित्रणाच्या इतिहासाकडे वळलो. वाचता वाचता असे ध्यानात आले की या विद्येच्या इतिहासात सुरुवातीपासून दोनच प्रश्न आहेत. चित्र उमटवावे कसे, हा पहिला. उमटलेले चित्र टिकवावे कसे, हा दुसरा. पहिला प्रश्न शास्त्रज्ञांनी सोडविला. दुसरा मात्र अर्धाच सुटला आहे आणि त्याचा उरलेला अर्धा भाग तुमच्या-माझ्या घरातील पेटीत पडून आहे.

कमरा आणि कॅमेरा

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरातील उर्दू-हिंदी बोलीत खोलीला ‘कमरा’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज लोकांबरोबर हिंदुस्थानात आला. त्याचे मूळ लॅटिन भाषेतील ‘कामेरा’ या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ खोली असाच आहे. म्हणजे कमरा आणि कॅमेरा हे सख्खे भाऊ होत. चित्र काढणाऱ्या यंत्राला खोलीचे नाव का मिळाले, हे समजण्यासाठी घरच्या घरी एक प्रयोग करून पाहा. भर दुपारी एका खोलीच्या दारे-खिडक्या पूर्ण बंद करा. उजेडाची प्रत्येक फट कापडाने बुजवा. मग खिडकीवर लावलेल्या काळ्या कागदाला शिसपेन्सिलीच्या जाडीचे एकच छिद्र पाडा. डोळे अंधाराला सरावले की समोरच्या भिंतीवर बाहेरचा रस्ता, झाड, सायकलवाला हे सारे उलटे, डोके खाली आणि पाय वर, असे दिसू लागेल. प्रकाश सरळ रेषेत चालतो. त्यामुळे वरून येणारा किरण छिद्रातून खाली जातो आणि खालून येणारा वर जातो. म्हणून चित्र उलटे पडते.

हा चमत्कार चीन व ग्रीस येथील प्राचीन विद्वानांच्याही नजरेस आला होता. परंतु त्याची प्रयोगाने तपासणी करून नीट मांडणी करण्याचे मोठे काम इब्न अल्-हैसम यांनी केले. त्यांचा जन्म सुमारे ९६५ मध्ये बसरा येथे झाला व आयुष्याचा उत्तरार्ध कैरोत गेला. तेथे १०४० च्या सुमारास ते वारले. डोळ्यातून किरण निघतात आणि म्हणून आपल्याला दिसते, असे त्या काळी अनेक विद्वान मानीत. इब्न अल्-हैसम यांनी सांगितले की वस्तूवरून निघालेला प्रकाश डोळ्यात येतो, म्हणून वस्तू दिसते. ‘किताब अल्-मनाझिर’ हा त्यांचा सात भागांचा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातील विद्वानांनी तो ‘अल्हाझेन’ या नावाने शतकानुशतके अभ्यासला. सूर्यग्रहणाच्या वेळी लहान छिद्रातून पडणारा सूर्याचा कवडसा कोरीच्या आकाराचा का दिसतो, यावरही त्यांनी स्वतंत्र प्रबंध लिहिला. २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर आपल्या भागात खंडग्रास सूर्यग्रहण आहे. ढगांनी कृपा केली, तर सूर्याकडे न पाहता लिंबाच्या झाडाखाली जमिनीकडे पाहा. पानांच्या फटीफटीतून शेकडो लहान कोरी खाली पडलेल्या दिसतील.

इब्न अल्-हैसम यांनी कॅमेरा शोधून काढला, असे काही उत्साही मंडळी सांगतात. तसे म्हणणे बरोबर होणार नाही. मोठ्या माणसाला जे आहे तेवढेच श्रेय द्यावे. ते पुष्कळ असते. त्यांनी प्रकाशाचा अभ्यास प्रयोगाच्या कसोटीवर आणला. सोळाव्या शतकात युरोपात या अंधाऱ्या खोलीच्या छिद्रात भिंग बसविण्यात आले. पुढे खोली लहान होत होत पेटीएवढी झाली आणि चित्रकार त्या पेटीत पडलेली आकृती कागदावर गिरवू लागले. आता हात न लावता ते चित्र आपले आपण कागदावर राहील काय, एवढाच प्रश्न उरला.

उमटले, पण राहीना

चांदीचे काही क्षार उजेडात काळे पडतात, हे अठराव्या शतकात ठाऊक झाले होते. इंग्लंडमध्ये टॉमस वेजवूड यांनी अशा क्षाराने माखलेल्या कागदावर पानांच्या व किड्यांच्या पंखांच्या आकृती उमटविल्या. १८०२ मध्ये ती हकिकत प्रसिद्ध झाली. परंतु कागद उजेडात आणला की उरलेला भागही काळा पडे आणि चित्र नाहीसे होई. ज्या उजेडाने चित्र जन्मास घातले, तोच त्याला गिळून टाकी.

फ्रान्समधील निसेफोर निएप्स यांनी दुसरा मार्ग धरला. कथिलमिश्रित धातूच्या पत्र्यावर त्यांनी डांबराच्या जातीचा एक पदार्थ चढविला. उजेड लागला तेथे तो टणक झाला आणि न लागला तेथला भाग तेलाने धुऊन निघाला. १८२६ किंवा १८२७ साली आपल्या घराच्या खिडकीतून त्यांनी असे एक चित्र घेतले. त्यासाठी पत्रा निदान आठ तास उन्हात ठेवावा लागला, असे मानतात. काही अभ्यासकांच्या मते त्याला कित्येक दिवस लागले असावेत. कॅमेऱ्याने घेतलेले, आज अस्तित्वात असलेले हे सर्वांत जुने चित्र होय. पण त्याची गंमत पाहा. १८९८ च्या एका प्रदर्शनानंतर हे चित्र कुठे गेले, हे जग विसरून गेले. अखेर १९५२ मध्ये हेल्मुट गर्नशाइम या अभ्यासकाने ते शोधून काढले, तेव्हा ते लंडनमध्ये एका पेटीत पडलेले होते. जगातील पहिल्या छायाचित्राचीही गत आपल्या घरच्या चित्रांसारखीच झाली होती!

निएप्स यांचे भागीदार लुई दागेर यांनी चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर, आयोडिन व पाऱ्याच्या वाफेच्या साहाय्याने अतिशय रेखीव चित्रे काढली. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये ही कृती सर्वांसाठी जाहीर झाली. तिच्यात एक उणीव होती. प्रत्येक चित्र एकुलते एक असे, त्याची दुसरी प्रत निघत नसे. इंग्लंडच्या फॉक्स टॅलबट यांनी ती उणीव भरून काढली. त्यांनी आधी कागदावर उलट्या छटांचे चित्र घेतले. पांढऱ्याच्या जागी काळे आणि काळ्याच्या जागी पांढरे असे हे चित्र म्हणजेच ‘निगेटिव्ह’. त्यावरून हव्या तितक्या प्रती काढता येऊ लागल्या. जॉन हर्शेल यांनी ‘हायपो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्षाराने उरलेली चांदी धुऊन चित्र कायम करण्याची युक्ती दिली. वेजवूडच्या वेळी हरवलेली किल्ली अशा रीतीने सापडली.

मुंबईहून अजिंठ्याकडे

ही नवी कला हिंदुस्थानात येण्यास फार काळ लागला नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. अजिंठ्याचे शिलालेख वाचणारे आपले डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे घेत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचे वर्ग सुरू झाले. तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत याच व्यवसायात नाव मिळविले. म्हणजे ही विद्या जगापुढे आल्यावर सोळा वर्षांच्या आत मुंबईच्या विद्यालयात ती शिकविली जात होती, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता आपण आपल्या दाराशी येऊ. जळगावहून सुमारे साठ किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. १८१९ मध्ये इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ यांच्या दृष्टीस ती पडली. तेथील भित्तिचित्रे दमट हवा, वटवाघळे आणि माणसांचे हात यांनी खराब होत होती. म्हणून १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांना या चित्रांच्या रंगीत नकला करण्याच्या कामावर नेमण्यात आले. गिल अजिंठा गावच्या बारादरीत राहत. अंधाऱ्या लेण्यांत उभे राहून त्यांनी वर्षानुवर्षे मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात नकला उतरविल्या. त्या नकला लंडनला रवाना झाल्या आणि तेथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. डिसेंबर १८६६ मध्ये त्या इमारतीस आग लागली. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या नकला वगळता सारे काम जळून खाक झाले.

परंतु गिल यांनी मध्यंतरी आणखी एक उद्योग केला होता. १८५६ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला होता. त्या काळचे छायाचित्रण म्हणजे आजच्यासारखे बटन दाबण्याचे काम नव्हते. १८५१ मध्ये आर्चर यांनी काढलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीचा तो काळ होता. काच स्वच्छ धुवावयाची, तिच्यावर कोलोडियन नावाचा चिकट द्रव एकसारखा पसरावयाचा, अंधारात ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि सुकण्यापूर्वी पुन्हा अंधारात नेऊन धुवावयाची. हे सर्व दहा-पंधरा मिनिटांत! खानदेशचा उन्हाळा आपण जाणतोच. मे महिन्यात दोरीवर टाकलेले धोतर किती वेळात वाळते हे आठवा, म्हणजे ओली काच ओली ठेवणे किती कठीण असेल याची कल्पना येईल. शिवाय तंबू, काचा, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी हे सर्व बैलगाडीने वाहून न्यावयाचे.

गिल यांनी यांपैकी पुष्कळ चित्रे दुहेरी भिंगाच्या कॅमेऱ्याने घेतली. दोन डोळ्यांच्या अंतराने घेतलेली दोन चित्रे एका विशिष्ट दुर्बिणीतून पाहिली की लेण्यातील खांब एकामागे एक उभे असल्यासारखे दिसतात. १८६४ मध्ये लंडनमध्ये त्यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके निघाली. त्यांपैकी लेण्यांवरील पुस्तकात चौऱ्याहत्तर छायाचित्रे होती आणि मजकूर प्रसिद्ध वास्तुशास्त्रज्ञ जेम्स फर्ग्युसन यांचा होता. दोनच वर्षांनी रंगीत नकला जळाल्या; पण छायाचित्रे राहिली. ती टिकली याचे कारण एकच. त्यांच्या अनेक प्रती अनेकांच्या हातांत गेल्या होत्या. निगेटिव्हचा खरा उपकार हाच आहे.

आगीनंतरही गिल यांनी अजिंठा सोडला नाही. एप्रिल १८७९ मध्ये आजारी अवस्थेत ते निघाले आणि वारले. त्यांची कबर आपल्या भुसावळला आहे. भुसावळ जंक्शनवर आपण किती वेळा गाडी बदलली असेल; परंतु आपल्या मातीत अजिंठ्याचा पहिला छायाचित्रकार निजला आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

गिल यांच्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. दैवाची गती अशी की त्यांतील अनेक नकला १८८५ मध्ये लंडनच्या संग्रहालयातील आगीत गेल्या. यानंतर जो मोठा प्रयत्न झाला, तो कॅमेऱ्याच्या आधाराने. त्या वेळी अजिंठा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि तेथील पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते डॉ. गुलाम यझदानी. दिल्लीत जन्मलेल्या या विद्वानाने अजिंठ्यातील चित्रांची, छायाचित्रांवरून तयार केलेली रंगीत व एकरंगी मुद्रणे मजकुरासह चार भागांत प्रसिद्ध केली. पहिला भाग १९३० मध्ये आणि चौथा १९५५ मध्ये निघाला. एका कामासाठी पंचवीस वर्षे! एका मुस्लिम विद्वानाने बौद्ध भिक्षूंच्या लेण्यांतील चित्रे आपला ठेवा समजून जपावीत, याहून इतिहासाचा सुंदर पाठ मी तरी वर्गात दुसरा देऊ शकत नाही. भारत सरकारने पुढे १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

काच गेली, फिल्म आली

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी कोरड्या काचेची पद्धत सुचविली आणि तंबू पाठीवर घेऊन हिंडण्याची गरज संपली. १८८८ मध्ये अमेरिकेच्या जॉर्ज ईस्टमन यांनी ‘कोडॅक’ नावाचा लहानसा कॅमेरा विक्रीस आणला. त्यात शंभर चित्रांची गुंडाळी भरलेली असे. ती संपली की कॅमेराच कारखान्याला पाठवावयाचा आणि तेथून छापलेली चित्रे येत. १९२५ मध्ये जर्मनीचा ‘लायका’ बाजारात आला. हातात मावणाऱ्या कॅमेऱ्यात चित्रपटाच्या मापाची पस्तीस मिलिमीटर फिल्म बसली आणि कॅमेरा रस्त्यावर, रणांगणावर, घराघरांत गेला.

आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके यांनी बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकून त्याचाच व्यवसाय केला आणि पुरातत्त्व खात्यातही काम केले. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला व तो उगवत असताना नियमित अंतराने एकेक चित्र घेतले. ती चित्रे भराभर दाखविताच रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसले. याच धीराच्या बळावर १९१३ मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला. भारतीय चित्रपटाचा आरंभ ज्या चित्रपटाने झाला, त्याची सर्व रिळे मात्र आज उपलब्ध नाहीत. चित्र उमटविणारे थोर असतात. जपणारे कमी पडतात.

खेड्यापाड्यांत कॅमेरा पोचला तो स्टुडिओच्या रूपाने. आमच्या धुळ्यात आग्रा रोडवरच्या एका स्टुडिओत वडिलांनी मला लहानपणी नेले होते. मागे रंगविलेला पडदा, त्यावर जिना आणि कारंजे, बाजूला प्लास्टिकच्या फुलांची कुंडी. फोटोग्राफर काका हनुवटीला बोट लावून मान सरळ करीत व म्हणत, “श्वास रोख, हलू नको.” एकेक चित्र मोलाचे असे. माझे आजोबा आयुष्यात दोनदाच कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. एकदा त्या अकरा जणांत आणि एकदा हजच्या कागदपत्रांसाठी. आजीचे तर एकही छायाचित्र नाही. छायाचित्र काढून घेणे तिला योग्य वाटत नसे. तो तिचा विचार होता आणि त्याचा आम्ही मान राखतो. परंतु तिचे माहेर कोणते, तिच्या आईचे नाव काय, तिला कोणती औषधे ठाऊक होती, हे कागदावर लिहून ठेवण्यास तिची ना नव्हती. तेही आम्ही केले नाही. त्याचा दोष कॅमेऱ्यावर टाकता येणार नाही.

चाळीसगावचे कलामहर्षी

धुळ्याहून चाळीसगावला जाणारी रेल्वे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. चाळीसगाव स्टेशनच्या जवळच एका दगडी बंगल्यात केकी मूस हे जगप्रसिद्ध छायाचित्रकार राहत होते. त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. चाळीसगावला त्यांच्या घराण्याचा व्यापार होता. इंग्लंडमध्ये जाऊन त्यांनी कलेचे व छायाचित्रणाचे शिक्षण घेतले. इतका शिकलेला माणूस मुंबईच्या झगमगाटात राहील असे कोणासही वाटले असते. परंतु परत आल्यावर ते चाळीसगावला राहिले आणि पुढील सुमारे पन्नास वर्षे त्यांनी बहुतांशी त्या बंगल्याच्या चार भिंतींत काढली. त्यांनी स्वतःला असे कोंडून का घेतले, याविषयी चाळीसगावात अनेक आख्यायिका ऐकावयास मिळतात. कोणी म्हणतात, दिलेल्या वचनाखातर ते कोणाची तरी वाट पाहत होते. खरे-खोटे त्यांचे त्यांना ठाऊक. आपण त्यांच्या कामाकडे पाहू.

‘टेबलटॉप’ छायाचित्रणासाठी केकी मूस विशेष प्रसिद्ध होते. हा प्रकार असा की टेबलावर लहान लहान वस्तू मांडून त्यांतून एक जग उभे करावयाचे. काचेच्या तुकड्याचे तळे, मिठाचा किंवा पिठाचा बर्फ, वाळक्या काडीचे झाड आणि दिव्याचा चंद्र अशा मांडणीवर प्रकाश योग्य तऱ्हेने पाडला आणि भिंग योग्य अंतरावर धरले, तर पाहणाऱ्यास दूरदेशीचे दृश्य पाहत असल्याचा भास होतो. म्हणजे दिवाणखान्यातील टेबल आणि मनातील कल्पना एवढ्या भांडवलावर त्यांनी देशोदेशींच्या प्रदर्शनांत चित्रे पाठविली. त्यांना सुमारे तीनशे बक्षिसे मिळाली, असे सांगतात. ते चित्रे काढीत, मूर्ती घडवीत आणि लाकडाचे नक्षीकामही करीत. लोक त्यांना कलामहर्षी म्हणू लागले. ३१ डिसेंबर १९८९ रोजी ते वारले. त्यांचा बंगला आज कलादालन म्हणून जपला आहे. पालकांनो, वेरूळ-अजिंठ्याची सहल काढता, तशी एक सहल चाळीसगावचीही काढा. कलेसाठी मोठ्या शहराची वाट पाहावी लागत नाही, हे मुलांना तेथे न सांगता कळेल.

हातोहाती कॅमेरा

१९७५ मध्ये कोडॅक कंपनीतीलच स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मशिवाय चित्र घेणारा एक कॅमेरा तयार केला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते, चित्र टेपच्या कॅसेटवर नोंदले जाई आणि त्यास तेवीस सेकंद लागत. चित्रात केवळ दहा हजार ठिपके होते. आज आपल्या खिशातील साध्या मोबाइलच्या चित्रात कोट्यवधी ठिपके असतात. ज्या कंपनीच्या प्रयोगशाळेत ही युक्ती जन्मली, त्याच कंपनीने फिल्मच्या धंद्याला धरून राहण्यात वेळ घालविला आणि २०१२ मध्ये तिच्यावर दिवाळखोरी जाहीर करण्याची पाळी आली. ज्ञान हाती असूनही बदल न स्वीकारणाऱ्याचे काय होते, याचे हे उदाहरण विद्यार्थ्यांनी विसरू नये.

आता प्रत्येक हातात कॅमेरा आहे. आजोबांनी आयुष्यात दोन चित्रे काढविली. माझा मुलगा एका लग्नात दोनशे काढतो. परंतु मोबाइल पडला, हरवला किंवा नवा घेतला की ती दोनशेही जातात. वेजवूडच्या चित्रांप्रमाणेच आपण उमटवितो खूप, राखतो थोडे. म्हणून माझ्या काही नम्र सूचना आहेत.

घरातील जुनी छायाचित्रे बाहेर काढा आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाशेजारी बसा. चित्रामागे मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता, डावीकडून उजवीकडे नावे, गाव व अंदाजे साल लिहा. बॉलपेन वापरू नका. त्याचा वळ पुढच्या बाजूस उमटतो व शाई पसरते. चिकट प्लास्टिकच्या अल्बमपेक्षा कागदी पाकिटात चित्रे चांगली राहतात. त्यांना ऊन, ओल व वाळवी यांपासून जपा. प्रत्येक चित्राची मोबाइलवर प्रत काढा आणि ती निदान तीन नातेवाइकांकडे ठेवा. अजिंठ्याची गोष्ट हेच सांगते की एका ठिकाणी ठेवलेले जळते, अनेक ठिकाणी ठेवलेले उरते. मोबाइलमधील निवडक दहा-वीस चित्रे दर वर्षी कागदावर छापून घ्या. ज्या घरात चित्रे नाहीत किंवा ठेवीत नाहीत, त्या घरात वही ठेवा. नावे लिहिण्यास भिंग लागत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना याहून चांगला गृहपाठ मला तरी सुचत नाही.

आता त्या अकरा जणांविषयी सांगून लेख पुरा करितो. गेल्या रमजानमध्ये शेजारच्या चाची इफ्तारीचे ताट घेऊन आमच्या घरी आल्या. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. छायाचित्र टेबलावर होते. त्यांनी चष्मा पुसला, चित्र दिव्याजवळ नेले आणि उजवीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसावर बोट ठेवले. “हे माझे सासरे,” त्या म्हणाल्या. चेहरा पुसट झाला आहे, मग कसे ओळखले, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “डावा खांदा पाहा. जन्मभर माग चालवून असाच वर आला होता.” सासऱ्यांचे छायाचित्र कोठे आहे, हे त्यांच्या घरात कोणासही माहीत नव्हते. त्या माउलीने आपल्या सासऱ्यांना चाळीस वर्षांनी पाहिले. मी दुसऱ्याच दिवशी त्याची प्रत काढून त्यांना दिली आणि मूळ चित्रामागे पेन्सिलीने पाचवे नाव लिहिले.

अजून सहा नावे उरली आहेत. वाचकहो, आपल्या घरी कोणी ऐंशी वर्षांचे असेल आणि त्यांनी धुळ्यात माग चालविला असेल, तर त्यांना आमच्या घरी घेऊन या. मीही तुमच्या घरचे चित्र पाहावयास येईन. कदाचित तुमच्या चित्रातील एखादा निनावी माणूस आमच्या पेटीत नावानिशी बसलेला असेल.